थेंब बारीक झाला, मग मारा का कमी झाला?

तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडते. बडोद्यात खंडेराव मार्केटच्या आसपास तुमचं आणि तुमच्या काकांचं पालेभाज्या निवडून, धुऊन हॉटेलांना पुरवायचं काम आहे. धुण्याच्या पाण्यात क्लोरीन घातलं की वासाची तक्रार येते, म्हणून तुम्ही ओव्याच्या तेलाचं नॅनोइमल्शन, म्हणजे अतिबारीक तेलथेंबांचं पाण्यातलं मिश्रण, केलंत. दोन टक्के तेल, सहा टक्के ट्वीन ८० (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा इमल्सिफायर), बाकी पाणी, आणि प्रोब सोनिकेटरवर, म्हणजे ध्वनिलहरींनी थेंब फोडणाऱ्या यंत्रावर, दहा मिनिटं. थेंबाचा आकार आला ४५ नॅनोमीटर, बाटली पाण्यासारखी स्वच्छ. डिस्कभोवतीचा झोन, म्हणजे आगरच्या प्लेटवर औषधाच्या चकतीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ, नुसत्या तेलापेक्षा मोठा आला. पण ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या पातळ खाद्यात, एमआयसी (जंतूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा) काढली तर ती नुसत्या तेलाच्या दुप्पट, आणि पालक पाच मिनिटं बुडवून ठेवला तर साध्या पाण्याइतकाच फरक. तुम्ही विचारताय की चूक कुठे झाली, हाय-प्रेशर होमोजनायझर भाड्याने घेऊन थेंब आणखी बारीक करावा का, आणि तयार माल कशात भरून ठेवावा.

सोनिकेटरची चूक नाही, तुमच्या हाताचीही नाही. चूक त्या सहा टक्के ट्वीनमध्ये आहे. ती समजून घ्या, कारण गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या दहांपैकी सात-आठ मुलांनी नेमकी हीच केलेली असते. थेंब किती बारीक, बाटली किती स्वच्छ, यावर सगळ्यांचं लक्ष असतं. जंतूला मात्र थेंबाशी देणंघेणं नसतं. तो पाण्यात जगतो आणि ओव्याच्या तेलातलं मुख्य मारणारं द्रव्य म्हणजे थायमॉल, आणि पाण्यात मोकळा विरघळलेला थायमॉलच त्याच्या पडद्यापर्यंत पोचतो. थायमॉल पडद्याच्या स्निग्ध थरात शिरतो, थर ढिला पडतो, आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं, ऊर्जेचं चक्र थांबतं. हे सगळं किती जोरात होणार ते एकाच गोष्टीवर ठरतं: पाण्यातल्या मोकळ्या थायमॉलला तिथून निघून जंतूच्या पडद्यात शिरण्याची किती ओढ आहे. ही ओढ वाढवणं हे आपलं काम. थेंब बारीक करणं हे त्या कामाचं एक साधन, आणि तेही प्रत्येक वेळी लागतंच असं नाही.

ही गोष्ट नवीन नाही. रॉबर्ट कॉख यांनी १८८१ साली दाखवलं होतं की कार्बोलिक ॲसिड पाण्यात मारतं, पण तेच तेलात किंवा अल्कोहोलात विरघळवलं की अँथ्रॅक्सच्या बीजाणूंवर त्याचा काही परिणाम होत नाही. औषध तेच, मात्रा तीच. तेलात ते इतकं सुखात असतं की बाहेर पडायला तयार होत नाही. पुढे १९३९ मध्ये फर्ग्युसन यांनी हाच विचार नियमासारखा मांडला: अशा द्रव्यांचा विषारीपणा त्यांच्या मात्रेपेक्षा त्यांच्या ‘बाहेर पडण्याच्या ओढी’वर, रसायनवाल्यांच्या भाषेत ॲक्टिव्हिटीवर, जास्त अवलंबून असतो. तुमच्या बाटलीत थायमॉल आहे, पण तो ट्वीनच्या घरात सुखात बसला आहे.

मला हे पुस्तकातून कळायच्या खूप आधी जिभेने कळलं होतं. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात फडताळात अमृतधारेची बाटली असायची. आजी ती घरीच करायची. ओव्याचं सत्त्व (म्हणजे थायमॉलच), पुदिन्याचं सत्त्व आणि कापूर, तिन्ही कोरडे खडे एका बाटलीत घालून हलवले की बघता बघता त्यांचं पाणी व्हायचं. पोट दुखलं की अर्ध्या वाटी पाण्यात दोन थेंब. थेंब पाण्यावर चकतीसारखे पसरायचे, पाणी किंचित गढूळ व्हायचं आणि पहिल्या घोटालाच जिभेला असा चटका बसायचा की डोळ्यांत पाणी यायचं. एकदा मी हट्टाने तेच दोन थेंब दुधातून घेतले. चटका जवळजवळ नाहीच. वास होता, चव होती, पण जीभ पोळली नाही. आजी दुधातून द्यायला कधीच राजी नसायची, म्हणायची, ‘दुधात त्याचा जीव जातो.’ पुढे कलाभवनात शिकताना विभाजन गुणांक (एखादं द्रव्य तेलात किती आणि पाण्यात किती वाटलं जातं ते प्रमाण) हा शब्द कानावर पडला तेव्हा मला ती दुधाची वाटीच आठवली. दुधातल्या स्निग्धांशाने आणि प्रथिनांनी थायमॉल ओढून घेतला होता, जिभेपाशी पोचायला मोकळा फारसा उरलाच नव्हता. तुमचं इमल्शन म्हणजे ती दुधाची वाटी आहे, फक्त ती पारदर्शक आहे.

आता तुमच्याच आकड्यांवर हिशेब करू. वापरताना तुम्ही इमल्शन वीसपट पातळ करता, म्हणजे पाण्यात तेल राहतं ०.१ टक्का आणि ट्वीन ०.३ टक्के. ट्वीन ८० चे मायसेल, म्हणजे त्याच्या रेणूंचे बारीक पुंजके, साधारण लिटरला १५ मिलिग्रॅमच्या आसपास बनू लागतात. तुमच्या टबात लिटरला ३००० मिलिग्रॅम आहे, म्हणजे लागतं त्याच्या दोनशेपट. हा सगळा जादा ट्वीन मायसेल होऊन पाण्यात फिरतो आणि थायमॉल पोटात घेऊन बसतो. दुसरीकडे, चांगल्या ओव्याच्या तेलात थायमॉल ३५ ते ६० टक्के असतो. म्हणजे तुमच्या टबात तो लिटरला ३५० ते ६०० मिलिग्रॅम आहे, आणि नुसत्या पाण्यात तो लिटरला जवळपास एक ग्रॅम विरघळू शकतो. नीट बघा या आकड्यांकडे. वापराच्या पातळीला तुमच्या थायमॉलला इमल्शनची गरजच नाही, तो पाण्यात मावतो. त्याला विरघळायला मदत हवी, लपायला घर नको.

मायक्रोबायोलॉजी शिकलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट लगेच पटेल. जंतुनाशकाची चाचणी घेताना ठरलेल्या वेळेनंतर त्याचा परिणाम थांबवायला आपण न्यूट्रलायझर वापरतो. डे-एंगली ब्रॉथच्या डब्यावरची यादी काढून वाचा. त्यात ट्वीन ८० आहे, लेसिथिन आहे. थायमॉलसारख्या फिनॉलिक द्रव्यांचा आणि क्वाटचा (क्वाटर्नरी अमोनियम जंतुनाशकांचा) मारा थांबवायला लॅबमध्ये जे घालतात, तेच तुम्ही तेलाच्या तिप्पट घालून बाटली भरली आहे.

मग इमल्शन करायचंच कशाला, असं वाटेल. करायचं, पण कशासाठी ते ठरवून. नुसतं तेल टबात ओतलं तर ते वर तरंगतं, कडेला चिकटतं. काही पानांवर ते थेट बसतं आणि पान जळतं, बाकीच्या पानांना काहीच मिळत नाही. एक मिलिमीटरचा थेंब फोडून १०० नॅनोमीटरचे थेंब केले तर तेवढ्याच तेलाचा पृष्ठभाग दहा हजारपट होतो, आणि तेल पाण्यात विरघळायला जो वेळ लागला असता तो काही सेकंदांवर येतो. पाच मिनिटांच्या धुण्यात याला फार किंमत आहे. शिवाय माती, पानांचा रस आणि जंतू मिळून पाण्यातला मोकळा थायमॉल खात जातात, तेव्हा थेंब मागून भरपाई करतात. वेग, सारखेपणा आणि साठा या तीन गोष्टी इमल्शन देतं. नुसता आकार घटवून थायमॉलची ताकद वाढत नाही. बारीक थेंबाची विद्राव्यता मोठ्या थेंबापेक्षा जास्त असते हे खरं, पण ५० नॅनोमीटरलासुद्धा ती वाढ काही टक्क्यांचीच असते. तेवढ्यासाठी ट्वीन तिप्पट करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

माझी स्वतःची एक चूक सांगते, म्हणजे मी हे इतकं जोर देऊन का लिहिते आहे ते कळेल. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकासाठी आम्ही लवंग तेलाचा स्वयंपाकघराच्या ओट्यावर मारायचा स्प्रे केला. त्यांना काचेसारखा स्वच्छ माल हवा होता. आम्ही इमल्सिफायर वाढवत वाढवत गेलो आणि २० नॅनोमीटरच्या आत आलो. बाटली दिव्यासमोर धरली तर कण दिसायचा नाही, मला फार अभिमान वाटला होता. दोन महिन्यांनी गोदामातल्या टाकीच्या तळाशी बुळबुळीत थर सापडला. प्लेटवर लावला तर स्यूडोमोनास नावाचे जंतू. जंतू मारायला केलेल्या मालात जंतू वाढत होते, कारण लवंग तेलातला मारणारा घटक, युजेनॉल, सगळा मायसेलमध्ये होता आणि पाणी त्यांना मोकळं मिळालं होतं. सगळी टाकी ओतून द्यावी लागली. त्या दिवसापासून पारदर्शक इमल्शन समोर आलं की मी आधी इमल्सिफायर आणि तेल यांचं प्रमाण विचारते, आकार नंतर.

आता करायचं काय ते सांगते. तेल दोन टक्क्यांवर कायम ठेवा आणि ट्वीनच्या पाच पातळ्या घ्या: अर्धा, एक, दोन, चार आणि सहा टक्के. पाचही एकाच दिवशी, एकाच तेलातून करा. प्रत्येकाचा आकार मोजा आणि प्रत्येकाची एमआयसी काढा, आणि दोन्ही एकाच कागदावर मांडा. आकाराची रेघ आधी झपाट्याने खाली येईल, मग सपाट होईल. एमआयसीची रेघ काही अंतर सपाट राहील, मग वर चढू लागेल. आकार सपाट व्हायला लागतो आणि एमआयसी अजून चढायला लागलेली नसते, तिथे थांबायचं. माझ्या अनुभवात ओवा, लवंग, दालचिनी अशा फिनॉलिक किंवा अल्डिहाइडवाल्या तेलांना हा टप्पा तेलाएवढा इमल्सिफायर किंवा त्याहून कमी, इथेच सापडतो. माल दुधाळ दिसेल, आकार १५० ते २५० नॅनोमीटरच्या घरात राहील. दुधाळ दिसला म्हणून घाबरू नका, तुमचा माल हॉटेलच्या टेबलावर जाणार नाही, टबात जाणार आहे.

मापाची यंत्रं रोज मिळत नसतील तर दोन घरगुती खुणा उपयोगी पडतात. टॉर्च बाजूने मारला की इमल्शन निळसर दिसतं आणि आरपार बघितलं की दिवा नारिंगी दिसतो, तेव्हा आकार शे-दीडशे नॅनोमीटरच्या आसपास असतो. निळसरपणा जाऊन नुसता चुन्यासारखा पांढरा झाला की थेंब मोठे झाले. दुसरी खूण नाकाची. एकाच मापाच्या दोन बाटल्यांत तेवढंच तेल पण वेगवेगळा ट्वीन असलेली इमल्शनं वापराइतकी पातळ करून भरा, झाकण लावून तासभर ठेवा आणि एकेक उघडून हुंगा. जिचा वास जास्त ती जास्त मारते. यात जादू काही नाही. बाटलीच्या मोकळ्या जागेत जेवढी वाफ, तेवढीच पाण्यातल्या तेलाची बाहेर पडायची ओढ. ट्वीनने वास दाबला असेल तर मारासुद्धा दाबलाच आहे.

बनवायची पद्धत बदला, सोनिकेटरवरचा भार कमी होईल. तेल आणि ट्वीन आधी एकत्र करा, चांगलं ढवळा, आणि मग पाणी थेंबाथेंबाने घाला. पाणी आत तेल बाहेर अशी सुरुवात होते. मिश्रण घट्ट होत जातं, एका क्षणी मधासारखं, चमच्याला चिकटून तार धरणारं. इथे बरेच जण घाबरून भराभर पाणी ओततात, आणि इथेच काम बिघडतं. हात सावकाश ठेवा. आणखी थोड्या पाण्याने तो घट्टपणा एकाएकी मोडतो, मिश्रण सैल पडतं आणि पातळ निळसर दूध तयार होतं. तिथे आतलं बाहेर आणि बाहेरचं आत झालं. त्यानंतर सोनिकेटरचे दोन-तीन मिनिटांचे फेरे, बीकर बर्फात ठेवून. दहा मिनिटं सलग चालवलं तर बीकर इतका तापतो की तेल वाफ होऊन उडतं. बीकर आधी आणि नंतर वजन करून बघा, कळेल.

ट्वीन कमी केल्यावर टिकाऊपणाचा प्रश्न येतो, आणि इथे ओव्याच्या तेलाचा स्वभाव आडवा येतो. थायमॉल पाण्यात थोडा विरघळतो हे जे वर सांगितलं, त्याचीच ही दुसरी बाजू. लहान थेंबातून थायमॉल निघून पाण्यावाटे मोठ्या थेंबात जातो, लहान झिजतात, मोठे फुगतात. याला ऑस्टवाल्ड रायपनिंग म्हणतात, आणि कितीही चांगला सोनिकेटर असला तरी ते थांबत नाही. उपाय म्हणजे पाण्यात अजिबात न विरघळणारं तेल, सूर्यफूल किंवा मक्याचं, सोबत मिसळायचं. पण पूर्ण थांबवायला ते तेल ओव्याच्या तेलाच्या बरोबरीने किंवा जास्तच लागतं, आणि तेवढं घातलं की पुन्हा दुधाची वाटी. खाद्यतेल थायमॉल स्वतःकडे ओढून घेतं. दोन वर्षं दुकानाच्या फळीवर टिकणारा माल करायचा असेल तर हा सौदा करावा लागतो. तुम्हाला कशाला करायचा? तुम्ही स्वतःच बनवता, स्वतःच वापरता. आठवड्याचा माल सोमवारी करा, शनिवारपर्यंत संपवा. टिकाऊपणाची किंमत माऱ्यातून मोजायची वेळच येऊ देऊ नका. फार तर तेलाच्या पाचव्या हिश्श्याइतकं सूर्यफूल तेल घाला आणि अर्ध्या ट्वीनच्या जागी सूर्यफुलाचं लेसिथिन वापरून बघा. लेसिथिनही अति झालं तर मारा अडवतं, तेव्हा तेही मोजून.

तेल कुठलं घेता ते तुम्ही लिहिलं नाहीत. इथे दुकानात अजमाचं (ओव्याचं) तेल म्हणून मागितलं की तीन-चार भावांचं मिळतं, आणि स्वस्त बाटलीत बऱ्याचदा थायमॉल काढून घेतलेलं तेल असतं. ओव्याचं तेल थंड करून त्यातून सत्त्वाचे खडे वेगळे काढतात, ते वेगळे विकले जातात, आणि उरलेलं पातळ तेल, व्यापारात ज्याला थायमीन म्हणतात, ते पुन्हा ओव्याचं तेल म्हणून फिरतं. वास ओव्याचाच येतो, त्यामुळे माणूस फसतो. थोडं तेल फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. थायमॉल भरपूर असेल तर सकाळी तळाशी काचेसारखे खडे दिसतात, एक खडा टाकला तर लवकरच दिसतात. तरी प्रत्येक नव्या लॉटचा जीसी रिपोर्ट (तेलात कोणता घटक किती ते सांगणारी तपासणी) मागाच. उलट बाजूने, नुसतं थायमॉलचं सत्त्व आणून वापरू नका. तेलातला पॅरा-सायमीन स्वतः फारसा मारत नाही, पण जंतूचा पडदा फुगवून कार्व्हाक्रॉलसारख्या फिनॉलला आत शिरायला वाट करून देतो हे प्रयोगांत दिसलं आहे, आणि थायमॉल हा कार्व्हाक्रॉलचा सख्खा भाऊ. शिवाय नुसता थायमॉल ५० अंशांखाली घट्ट असतो. इमल्शन गार झालं की त्याच्या सुया तळाला बसतात.

तुम्हाला मारायच्या जंतूंत ई. कोलाय आणि साल्मोनेला आहेत. दोघेही ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे आतल्या पडद्याच्या बाहेर आणखी एक कवच, आणि ते कवच कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या टाक्यांनी शिवलेलं. तेलाला ते सहज ओलांडता येत नाही. म्हणून स्टॅफिलोकोकसवर जे लागू पडतं ते यांच्यावर अपुरं पडतं. पाण्याकडे लक्ष द्या. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर तुम्ही त्या टाक्या पक्क्या करायला मदत करता आहात. मऊ किंवा आरओचं पाणी घ्या आणि सायट्रिक ॲसिडने पीएच चारच्या आसपास आणा. आम्ल स्वतःही जंतूला त्रास देतं आणि सायट्रेट काही प्रमाणात कॅल्शियम धरून ठेवतं. ओटे, ट्रे, सुऱ्या धुवायच्या द्रावणात ईडीटीए हेच काम जास्त चांगलं करतो, भाजीच्या पाण्यात मात्र तो नको.

धन भार असलेले इमल्सिफायर, जसं लॉरिक आर्जिनेट, हा वेगळा रस्ता आहे. जंतूचा पृष्ठभाग ऋण, थेंब धन, त्यामुळे थेंब स्वतःच चिकटायला जातात, आणि लॉरिक आर्जिनेट स्वतःही मारतं. कायटोसानचं आवरणही याच तत्त्वावर चालतं. पण पालकाचा रस, माती, गम अरेबिक हे सगळे ऋण भाराचे आहेत. धन थेंब जंतूंआधी त्यांनाच चिकटतात आणि टबाच्या तळाशी चोथा बसतो. स्वच्छ ट्यूबमध्ये सुंदर निकाल, टबात गाळ. कोणत्या अन्नाला किती चालतं ते एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) यादीत बघून मगच विचार करा. मी तुमच्या जागी असते तर आधी ट्वीन कमी करणं आणि आम्ल, एवढ्यावरच महिनाभर काम केलं असतं.

झोन मोठा का आला, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. आगर म्हणजे पाणीच. नुसतं तेल त्यात पसरत नाही, डिस्कवर बसून राहतं, अर्धं उडून जातं. ट्वीनमधलं तेल आगरमध्ये लांबवर वाहत जातं. झोनने तेलाची धाव मोजली, ताकद नाही. तेलांच्या बाबतीत झोनचे मिलिमीटर दोन मालांची तुलना करायला वापरू नका. ब्रॉथमध्ये करताना इमल्शन मुळातच दुधाळ असतं, त्यामुळे गढूळपणा बघून वाढ ठरवता येत नाही. रेझाझुरिन घाला, निळ्याचा गुलाबी झाला की जंतू जिवंत. तेल न घातलेला नुसता ट्वीन, त्याच पातळीला, प्रत्येक वेळी कंट्रोल म्हणून लावा. प्लेट झाकून ठेवा आणि तेलाच्या खान्यांशेजारी कंट्रोलचे खाने ठेवू नका, वाफ शेजारी जाते. पॉलिस्टायरीनची मायक्रोप्लेट तेलाच्या जोरकस पातळीला धुरकट होते, तिथे काचेच्या ट्यूब बऱ्या. आणि वेळ संपल्यावर नमुना न्यूट्रलायझरमध्ये घालूनच प्लेट करा, नाहीतर तेल प्लेटवर जाऊन तिथेही मारत राहतं आणि निकाल उगाच चांगला दिसतो. ई. कोलायचा एटीसीसी २५९२२ हा प्रमाणित वाण वापरत असालच. त्याच्यासोबत तुमच्या स्वतःच्या टबातून वेगळा काढलेला एखादा जंतूही ठेवा, तो जास्त चिवट निघतो.

पालकाबद्दल मात्र मनाची तयारी ठेवा. पानावर चिकटलेला जंतू पाण्यात पोहणाऱ्यासारखा मरत नाही. तो पानाच्या रंध्रांत, शिरांच्या खाचांत, चिरलेल्या देठाच्या तोंडाशी बसलेला असतो. क्लोरीनच्या धुण्यानेसुद्धा पानावर साधारण एक ते दोन लॉग एवढीच घट मिळते, म्हणजे शंभरातले नव्वद ते नव्व्याण्णव जातात. ट्यूबमधल्या पाच लॉगची अपेक्षा पानावर धरू नका. धुण्याच्या पाण्यात औषध घालण्याचा खरा फायदा वेगळा आहे. एका घाणेरड्या जुडीचे जंतू पाण्यात उतरतात आणि पुढच्या चाळीस जुड्यांना लागतात, ते थांबवणं. म्हणून पानाबरोबर टबातल्या पाण्याची प्लेटही करा. पहिल्या जुडीनंतर, दहाव्यानंतर, चाळिसाव्यानंतर. पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहत असेल तर तुमचं इमल्शन काम करतंय, पानावरचा आकडा छोटा दिसला तरी. पाणी गढूळ झालं की तेल मातीत अडकतं, तेव्हा आधी साध्या पाण्याने माती काढून मगच भाजी इमल्शनच्या टबात घाला.

तेलाची पातळी वाढवत नेण्याचा मोह टाळा. जास्त झालं की पालकाच्या कडा भिजलेल्या कागदासारख्या अर्धपारदर्शक होतात आणि दुसऱ्या दिवशी काळ्या पडतात. कोथिंबीर तर वास इतका धरून ठेवते की चटणीत ओवा लागतो. तुमच्या ०.१ टक्क्यापासून खाली या, ०.०५ आणि ०.०३ करून बघा. ट्वीन कमी केल्यावर एवढ्यात भागण्याची चांगली शक्यता आहे. शेवटी स्वच्छ पाण्याचा एक हात द्या. आणि पुढे कधी हाच माल बाटलीत भरून जंतुनाशक म्हणून विकायचा विचार आला, तर लेबलवर एक शब्द छापण्याआधी परवान्याची चौकशी करा. स्वतःच्या टबात वापरणं आणि दावा करून विकणं यांचे नियम वेगळे आहेत.

होमोजनायझर भाड्याने घेऊ नका. त्याने थेंब बारीक होईल, पण बारीक थेंबाचा वाढलेला पृष्ठभाग झाकायला ट्वीन आणखी लागेल, आणि तुम्ही पुन्हा तिथेच याल. ते पैसे जीसी रिपोर्टवर आणि दोन-तीन महिन्यांच्या प्लेटवर खर्च करा.

माल भरायला काचेची गडद बाटली किंवा स्टेनलेसचा डबा घ्या. पातळ प्लास्टिकचे कॅन तेल शोषून घेतात, फुगतात, आणि आठवड्याने आतलं तेल कमी भरतं. थर्माकोलवर थेंब सांडला तर खड्डा पडलेला दिसेल, त्यावरून अंदाज येईल. लोखंडाचा स्पर्श कुठेच नको, नळालासुद्धा. पुढे लवंग तेल वापरलंत तर युजेनॉल लोखंडाने तपकिरी-काळा होतो. झाकणाच्या आतली चकती रबराची असेल तर ती महिन्याभरात मऊ पडून चिकटते, टेफ्लॉनची चकती मागून घ्या. आणि उन्हाळ्यात बडोद्याचा पारा चाळिशीच्या वर गेला की बाटल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, भाजीच्या थंड खोलीतल्या खालच्या फळीवर ठेवा. मात्र वापरायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, हलवा, आणि तळाशी सुया दिसल्या तर तो लॉट टबात घालू नका.